मल्हारीकाका माईकवर 'उद्या' म्हणत नाहीत

मल्हारीकाकांचा आवाज काढायचा तर आधी पोट आत घ्यावं लागतं, मग हनुवटी जराशी उचलायची आणि 'नागरिकांना'मधल्या 'ना'वर असं टेकायचं, जशी बाजारातून आलेली बाई जिन्यात पिशवी टेकवते. बाकी सगळं सोपं. नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या आमच्या निशिगंध सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं आहेत आणि त्यातल्या निदान तीस घरांमधली माणसं मला येतात. किराणावाले धनराजशेठ येतात ("घ्या ना ताई, घरचाच माल समजा!"), तिसऱ्या मजल्यावरच्या गोजराबाई येतात ("अगं माझे बाई, लिफ्ट परत झोपली का?"), आणि माझी आई तर इतकी येते की फोनवर बाबासुद्धा फसतात.

पण मी आवाज काढला की लोक हसतात. मल्हारीकाका बोलले की लोक ऐकतात आणि तसं वागतात. मी जळायला लागले ती इथून.

काकांची स्पीकरची रिक्षा आहे. टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे. आत ॲम्प्लिफायर, पेनड्राइव्ह आणि काकांची पाण्याची बाटली. शिबिर असो, सेल असो, निवडणूक असो, कुणाचा कुत्रा हरवलेला असो, आवाज काकांचा. मूळचे ते बागलाणातले. विशीत नाशिकला आले आणि द्वारका ते देवळाली कॅम्प शेअर रिक्षा चालवायला लागले. स्टँडवर "कॅम्प कॅम्प कॅम्प!" असं ओरडायचे तर म्हणे पलीकडच्या स्टँडवरचे पॅसेंजर यांच्या रिक्षात येऊन बसायचे. एका नेत्रतपासणी शिबिरवाल्याने ते ऐकलं, हातात माईक दिला, आणि पंचवीस वर्षं झाली, तो माईक सुटलेला नाही.

माईकवर त्यांची भाषा इस्त्रीची. घरी मैनाकाकूंशी मात्र अहिराणी. "काय शे, चहा शे का?" हे वाक्य आमच्या भिंतीतून रोज चार वाजता येतं. तेही मला येतं.

आता त्यांचं जे वैशिष्ट्य सगळी सोसायटी सांगते ते मला सांगावं लागतंय, नाइलाज आहे. संध्याकाळी काका रिक्षा पुसत बसले की बायाबापडे मोबाईल घेऊन त्यांच्याकडे येतात. कुणाला आलेलं असतं की अमुक फळ खाऊन शुगर जाते, कुणाला की पोरं पळवणारी टोळी सिन्नर फाट्यावर उतरली आहे. "काका, बघा ना हे." काका फडकं खांद्यावर टाकतात, डोळे मिटतात आणि तीनदा ऐकतात. मजकूर लिहिलेला असेल तर दुसऱ्याकडून तीनदा वाचून घेतात.

"पहिल्यांदा काय सांगतोय ते ऐकायचं," ते म्हणतात. "दुसऱ्यांदा कोण सांगतोय. आणि तिसऱ्यांदा, आपल्याकडून काय करून घ्यायचंय त्याला. घाबरवायचंय, विकायचंय, का पुढं पाठवायला लावायचंय."

"तुम्हाला बरं कळतं हो काका!"

"न कळायला काय झालं? मी स्वतः तेच काम करतो. गंगापूर रोडला साड्यांचा सेल होता एका हॉलमध्ये. शेवटचे दोन दिवस, शेवटचे दोन दिवस! मी ते शेवटचे दोन दिवस अकरा महिने बोललो."

सगळे हसतात. मीही हसायचे, पण आतून धुमसत. कारण माझाही कान काही कमी नाही. गोजराबाई खोकल्या तरी मला कळतं की आता लिफ्टचा विषय निघणार. पण पोरं पळवणाऱ्या टोळीची क्लिप आली तेव्हा मी आईला म्हटलं, "आई, ही बाई नाशिकची नाही. 'गोदावरी नदीच्या किनाऱ्यावर' म्हणतेय. आपल्याकडे कोण म्हणतं असं? आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, आपण गंगेवर जातो." आई म्हणाली, "तू गप गं, तुझं आपलं काहीतरीच." दहा मिनिटांनी काकांनी तेच सांगितलं. शब्दाला शब्द! "ही पंचवटीची म्हणवते आणि गंगेला किनारा म्हणते, नाही पटत." तर आई काय म्हणाली? "बघ, याला म्हणतात कान."

याला म्हणतात कान. माझे दोन काय भजी होते?

मग गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी बारा जणांचे आवाज काढले. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. मी अजून स्टेजवरच होते आणि काकांनी माईक हातात घेतला, का तर कुणाच्यातरी स्कूटरची चावी सापडली होती. "सापडली आहे, चावी सापडली आहे." सगळा मांडव गप्प. एका चावीसाठी! माझ्या बारा आवाजांना जो मांडव एक क्षण गप्प बसला नव्हता, तो.

दुसऱ्याच आठवड्यात कळलं की काकांना सिंहस्थातला माईक मिळायची शक्यता आहे. एक संस्था हरवलेल्या माणसांसाठी कक्ष चालवणार होती आणि पुकारा करणारी माणसं निवडत होती. निवडणारे पंचवटीतले ढुंढिराजगुरुजी. काकांना तो माईक किती हवा होता हे मैनाकाकू सगळ्यांना सांगायच्या. मागच्या सिंहस्थात काकांची म्हातारी आई घाटावर हरवली होती. दोन तास माईकवरून तिचं नाव पुकारत होते, "श्रीमती भागाबाई, आपण जिथे असाल तिथून कक्षाकडे यावे." म्हातारीला वाटलं ही कुणीतरी मोठी बाई हरवली आहे. ती तिथंच खांबाला टेकून बसलेली. शेवटी काकांनी हातापाया पडून माईक मागून घेतला आणि म्हणाले, "माय, तुन्हा आंडोर आठे उभा शे." तुझा पोरगा इथे उभा आहे, एवढं कानावर पडलं आणि म्हातारी उठून चालत आली. तेव्हापासून काकांच्या डोक्यात तो माईक आहे.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते केलं.

मंगळवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी मी पोट आत घेतलं, हनुवटी उचलली आणि मोबाईलमध्ये बोलले, "नमस्कार. मी मल्हारी. द्वारका परिसरातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की उद्यापासून तीन दिवस पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहणार आहे. तरी सर्व नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा." मागे भोंग्यासारखी घरघरही काढली घशातून. आणि माझी मैत्रीण यशश्री, तिला पाठवून दिली. तिने शेवटचं थोडं कापून आपल्या देवळालीच्या आत्याला पाठवली, गंमत म्हणून. आत्याला गंमत कळली नाही. तिने तिच्या भिशीला पाठवली.

रात्रीचा स्वयंपाक व्हायच्या आत ती क्लिप आमच्याच सोसायटीत परत आली.

बादल्या, पातेली, कुकर, पिंप, एका घरात तर मुलाचा टब. बुधवारी सकाळी नळाला छान पाणी आलं. तर लोक काय म्हणाले? "काका 'उद्यापासून' म्हणालेत, म्हणजे गुरुवारपासून." गुरुवारी ज्यांना क्लिप मिळाली त्यांच्यासाठी ते शुक्रवारपासून झालं. रोज पाणी येत होतं आणि रोज उद्या बंद होणार होतं. गोजराबाई पिंपात बादली ओतताना कंबर धरून खाली बसल्या आणि त्यांना चार दिवस झोपूनच राहावं लागलं. मी माझ्या मोबाईलमधली क्लिप बुधवारीच पुसून टाकली होती. यशश्रीला म्हटलं, तूही पूस.

शनिवारी संध्याकाळी लोक काकांच्या रिक्षाभोवती जमले. काका मंगळवारपासून चांदवडला एका शिबिराच्या कामावर होते, नुकतेच परतले होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काय काका, पाणी कुठंय बंद?"

"कसलं पाणी?"

"आता कसलं पाणी! माझ्या घरात चालायला जागा नाही पिंपांमुळे."

आईने आपला मोबाईल पुढे केला. "काका, तुमचाच आवाज आहे हो."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. डोळे मिटले. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि माझे कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजला असता.

पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. आणि मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, ते म्हणाले, "हाऊ मन्हाच आवाज शे."

काय सांगू! भीती वाटत होती आणि तरी आनंदाची एक उकळी फुटली. त्यांनाही ओळखता आलं नाही! त्या कानालाही!

काकांनी तिसऱ्यांदा ऐकलं. 'उद्यापासून'ला त्यांनी डोळे उघडले.

"हा मी नाही."

"आता म्हणालात ना की तुमचाच आवाज!"

"आवाज माझा आहे. बोलणारा मी नाही. मी माईकवर 'उद्या' म्हणत नाही." ते सगळ्यांकडे एकेक करून बघत सांगायला लागले. "आमची रेकॉर्डिंग दोन-दोन, तीन-तीन दिवस फिरते. आज 'उद्या' म्हटलं तर परवा तेच खोटं होतं. पहिल्या शिबिराला मी म्हटलं होतं 'उद्या', आणि शिबिर झाल्यावर दुसऱ्या दिवशी चाळीस म्हातारी माणसं डोळे तपासायला येऊन बसली होती. त्या दिवसापासून वार आणि तारीख. गुरुवार, दिनांक सव्वीस. पेनड्राइव्ह लावून दाखवतो, ऐका."

त्यांनी लावून दाखवलं. रक्तदान, रविवार, दिनांक आठ. कुत्रा, तांबूस रंगाचा, शुक्रवार, दिनांक तीनपासून बेपत्ता. लोक ऐकत होते, माना डोलायला लागल्या होत्या. तेवढ्यात धनराजशेठ बोलले. फार शांतपणे बोलले.

"काका, शेवटचे दोन दिवसपण तुम्हीच बोलला होता ना? अकरा महिने?"

कुणी हसलं नाही.

"माझी बायको तीनदा गेली त्या सेलला. काकांचा आवाज आहे म्हणून गेली," शेठ पुढे म्हणाले.

काकांनी पेनड्राइव्ह काढला. "हो," म्हणाले. "तेही मीच." आणि फडकं तसंच खांद्यावर ठेवून वर निघून गेले. माझ्या शेजारून गेले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बोलले असते तर तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

रविवारी सकाळी भिंतीतून मैनाकाकूंचा आवाज आला. "जाणार नाही म्हन्जे काय? सोमवारी बोलावलंय त्यांनी!"

आणि काका मराठीतच बोलले, माईकवरच्या इस्त्रीच्या मराठीत, घरात. "गुरुजींनी क्लिप ऐकली आहे. मला फोन आला होता. ज्याच्या आवाजावर सोसायटीचा भरवसा नाही त्याच्या आवाजावर हरवलेल्या पोराची आई कशी येईल? मी कळवतो त्यांना, की मी येत नाही."

घरात ते इस्त्रीचं बोलत होते. ते ऐकून माझ्याच्याने राहवेना. मी त्यांच्या दारात गेले.

"काका, ती मी होते."

"कोण?"

"क्लिपमध्ये. मी."

मैनाकाकू म्हणाल्या, "पोरी, आता आणखी कुणाची नक्कल करतीस? दमलेत ते." म्हणजे बघा. माझ्या स्वतःच्या आवाजात मी पहिल्यांदा खरं बोलत होते आणि त्यांना ती नक्कल वाटली.

मग मी पोट आत घेतलं. हनुवटी उचलली. "द्वारका परिसरातील सर्व नागरिकांना..." मैनाकाकूंनी कानावर हात ठेवले. काका मात्र डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चल, कपडे बदल. गुरुजींकडे जाऊ."

ढुंढिराजगुरुजी पंचवटीत राहतात. बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दर वाक्याच्या शेवटी "असो" म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं. आवाजही काढून दाखवला. ते एवढे खूश झाले की त्यांनी आतून गुरुजीणबाईंना बोलावलं.

"वा! वा! असो." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पण मुली, तुला हा आवाज काढता येतो, इतकंच यातून कळतं. ती क्लिप तूच केलीस हे कुठे कळतं? शेजारच्या काकांसाठी धावून आलेली गुणी मुलगीसुद्धा हेच बोलेल."

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं ते चिडतील. ते मान हलवत होते. "बरोबर आहे गुरुजी. मीही हेच विचारलं असतं."

"मूळ रेकॉर्डिंग आहे का? न कापलेलं?"

मी पुसलं होतं. यशश्रीकडे असेल का? आणि असलं तरी त्याच्या शेवटी काय आहे ते मला माहीत होतं. ते लावायचं म्हणजे काकांसमोर लावायचं. मी म्हणू शकले असते की नाही, कुठेच नाही. काका फक्त उठून रिक्षा काढून घरी आले असते आणि भोंगे उतरवले असते.

मी यशश्रीला फोन केला. "यशे, पुसलीस का गं ती?"

"पुसू कशाला? शेवटी तू किती भारी हसतेस त्यात!"

"पाठव."

क्लिप आली. वर तारीख, वेळ, माझं नाव. मी गुरुजींच्या टेबलावर मोबाईल ठेवला आणि लावली. नागरिकांना कळविण्यात येते, पाणीपुरवठा, साठा करून ठेवावा. आणि मग तो कापलेला भाग. माझं खिदळणं. आणि माझ्या खऱ्या आवाजात, जो मला तोपर्यंत फार गोड वाटायचा, "कसं वाटलं यशे? सगळे त्यांच्यापुढे माना डोलावतात ना, बघू आता, काकांचंच काकांना तपासता येतं का! नाही आलं तर म्हणावं, कान काढून ठेव, म्हाताऱ्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते कोडं सोडवताना पाहतात तसं पाहत होते, की ही पोर आपल्यावर जळत होती, आणि आपण रोज हिच्यासमोर बोलत होतो.

"मल्हारी," गुरुजी म्हणाले, "तू स्वतः ऐकलीस तेव्हा काय वाटलं?"

"पहिल्या दोन वेळा वाटलं मीच आहे. म्हटलं झोपेत बोललो की काय. तिसऱ्या वेळी 'उद्या' आलं तेव्हा खात्री पटली की नाही."

"म्हणजे स्वतःचा आवाज ऐकूनही तू थांबलास. तिसऱ्यांदा ऐकलंस."

"थांबलो. पण ते सेलचं धनराज बोलला ते खरं आहे गुरुजी. तेव्हा मी नाही थांबलो."

गुरुजींनी चष्मा परत नाकावर ठेवला. "कक्षात दिवसाला शेकडो चिठ्ठ्या येतील. पोर सापडलं, म्हातारा सापडला, घाटावर चेंगराचेंगरी झाली. त्यातल्या किती खऱ्या? आवाज चांगला असणारे मला पुष्कळ मिळतील. चिठ्ठी हातात आल्यावर माईकचं बटण दाबायच्या आधी थांबणारा हवा होता. सकाळची पाळी घेशील?"

काकांनी हात जोडले.

"आणि सोसायटीत ही क्लिप पूर्ण पाठव," गुरुजी मला म्हणाले. "शेवटासकट. असो."

शेवटासकट. अठ्ठेचाळीस घरं, गोजराबाई, धनराजशेठ, आई. तिथंच बसून पाठवली. त्यातली पहिली निळी खूण आईची होती.

गुरुजीणबाईंनी चहा आणला. वातावरण जरा हलकं करावं म्हणून असेल, गुरुजी मला म्हणाले, "माझा जमेल का गं?" मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर असल्यासारखी मान केली. "पूजा साडेसातला आहे, यजमान नऊला उठतील. असो." गुरुजीणबाई पदराने डोळे पुसायला लागल्या हसून. आतून सून आली, सुनेच्या मागून शेजारची बाई. मग मी फोनवर बोलणारे गुरुजी काढले, मग फोनवरचे काका, मग गुरुजी आणि काका एकमेकांशी बोलत आहेत असं. "परत, परत ते नागरिकांना!" गुरुजी म्हणाले. मी परत केलं. खोली नुसती हलत होती.

काकांच्या चहावर साय धरली होती. ते हसत नव्हते. कप खाली ठेवून म्हणाले, "चला, पुरे आता. उशीर होतोय." उशीर कसला, अजून दुपारचे बारा वाजले नव्हते.

त्या 'पुरे'चा सूर मी कुठल्याही गर्दीत ओळखला असता. गणपतीच्या मांडवात, चावी सापडली तेव्हा, तो माझ्या तोंडात होता. मल्हारीकाका माझ्यावर जळत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.